घर घ्यावं ठोकून!

माठ घेताना आपण काय करतो? उचलतो, बोटाच्या पेराने दोन-तीनदा वाजवतो, कान देतो. खणखणीत वाजला तर पैसे काढायचे, बद्द वाजला तर ठेवला खाली. दोन-तीनशे रुपयांचा माठ! आणि घर? सॅम्पल फ्लॅटमधला रिकामा फ्रीज, बेडवरच्या सात उशा आणि बाल्कनीतून दिसणारा सूर्यास्त बघून आपण वीस वर्षांच्या ईएमआयवर सही ठोकून मोकळे.

नव्या बिल्डिंगमध्ये एक वेळ हे खपून जातं. तिथे निदान रेरा आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, असं कायदा सांगतो. पण तुम्हाला शंभर-सव्वाशे वर्षांचा वाडा घ्यायचा असेल तर? बांधणारा केव्हाच वर गेलेला. तक्रार कुणाकडे करणार, यमाकडे?

हो, वाडा. कसबा पेठेत. हसू नका!

आमच्या दोघांचाही पेठेशी काडीचा संबंध नाही. मी मिरजेची, नवरा नाशिकचा, पुण्यात आलो आयटीपायी. सहा वर्षं बाणेरला चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहिलो. स्विमिंग पूल होता, जिम होतं, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ स्टेशन उघडलं. माझं ऑफिस कल्याणीनगरला, मध्ये एकदा गाडी बदलली की झालं. त्यात एका रविवारी तांबट आळीत तांब्याचे हंडे ठोकणारी माणसं बघितली, तो टणटण आवाज ऐकला आणि मी कामातूनच गेले. ‘इथे राहायचं.’ नवरा म्हणाला, ‘गाडी कुठे लावणार?’ मी म्हटलं, ‘विकू.’ हा संवाद इथेच संपवते, पुढचा छापण्यासारखा नाही.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. ‘पावसाळ्यात वाडे पडतात, पेपरात फोटो येतात. ते बघितलेत ना?’

बघितले होते. म्हणून तर सर्व्हे.

आता गंमत अशी, की आपल्याकडे घराचा सर्व्हे म्हटलं की लोकांना मोजणीवाला आठवतो. नाही तर बँकेचा व्हॅल्युएशनवाला. हा माणूस येतो, लेझरचं यंत्र चारदा टिकटिकवतो, मोबाईलवर सहा फोटो काढतो, चहा नको म्हणतो आणि वीस मिनिटांत जातो. त्याने बघितलेलं असतं ते हे, की उद्या तुम्ही हप्ते थकवलेत तर बँकेचे पैसे वसूल होतील का. तुमच्या डोक्यावरची तुळई शाबूत आहे का, हा त्याचा विषयच नाही. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, तोही कागदांचा. खांबाचा सर्च कुणी काढत नाही.

माझी कॉलेजची मैत्रीण इंग्लंडमध्ये बाथला असते. अख्खं गाव १९८७ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत. तिने तिथे दोनशे वर्षांच्या घरातला फ्लॅट घेतला, तेव्हा आधी सर्व्हेअर लावला. तिकडे आरआयसीएस नावाच्या संस्थेचे सर्व्हेअर असतात, सर्व्हेच्या तीन लेव्हल असतात आणि जुन्या घराला तिसरी, सगळ्यात खोल जाणारी लेव्हल सुचवतात. करायलाच हवा अशी सक्ती तिथेही नाही. ‘पण न करता घर घेतलं तर लोक वेड्यात काढतात,’ ती म्हणाली. इथे आम्ही करतोय म्हटल्यावर लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं. चालायचंच!

पहिलं घर आम्ही बघितलं ते शनिवारवाड्याच्या अगदी कुशीत. माडीच्या खिडकीतून तटबंदी दिसत होती. मी तिथेच पडद्यांचा रंग ठरवला. एजंट म्हणाला, ‘मॅडम, दोन वर्षं राहा, मग डेव्हलपमेंटला द्या. लॉटरी आहे लॉटरी!’ नवरा तसा शांत माणूस, पण गूगल हातात असलं की डेंजर. त्याने विचारलं, ‘शंभर मीटरच्या आत आहे ना हे?’ एजंटला अचानक दुसरा फोन आला.

शनिवारवाडा हे केंद्राचं संरक्षित स्मारक. त्यासाठीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून शंभर मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र. पहिल्या शंभरात जुन्या घराची दुरुस्ती करता येते, तीही परवानगी काढून. पाडून नवं बांधता येत नाही. म्हणजे लॉटरी वगैरे काही नाही, आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलं घर गळ्यात पडलं तर ना विकता येतं, ना बांधता येतं. त्या वाड्याची मागची भिंत आम्हा दोघांना नुसत्या डोळ्यांनीही पोटुशी दिसत होती. नमस्कार केला, निघालो.

दुसरं घर तांबट आळीपासून दोन गल्ल्या आत. शनिवारवाड्यापासून तीनशे मीटरच्या बाहेर (मोजलं!). महापालिकेच्या वारसा यादीत नाव नाही, म्हणजे वारसा समितीकडे जायला नको. २०१७ ला मंजूर झालेल्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेषा घराला शिवत नव्हती. पेठेत ही फार मोठी गोष्ट आहे बरं का. कित्येक घरांची पुढची खोली कागदावर रस्त्यातच असते. आणि भाडेकरू एकही नाही! पेठेत महिना पन्नास रुपये भाड्याचे, भाडे नियंत्रण कायद्याचं कवच असलेले तीन-तीन भाडेकरू मिळकतीबरोबर येतात, आणि नव्या मालकाला त्यांना ‘निघा’ म्हणता येत नाही.

घर म्हणजे लहानसा वाडा. दगडी जोतं, पुढे ओसरी, मध्ये टीचभर चौक, वर माडी, मंगलोरी कौलं आणि खाली चौदा सागवानी खांब. मालक साठीच्या आतबाहेरचे. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. मुलगी बंगळुरूला, काकूंच्या गुडघ्यांना माडीचा जिना नको झालेला. किंमत त्यांनी सांगितली ती निव्वळ जागेची, चौरस फुटावर. मी विचारलं, ‘आणि घराचे?’

‘घराचे काय?’ काका म्हणाले. ‘ते पाडणारच ना तुम्ही.’

बँकेच्या माणसाने तर वर विचारलं, बांधकामाचं वर्ष काय? आता वाड्याचा जन्मदाखला कुठून आणायचा! त्याने शेवटी इमारतीपुढे शून्य लिहिलं. सगळ्यांच्या हिशेबात ते घर शून्य होतं, आणि आम्हाला तर राहायचं होतं ते त्या शून्यातच.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीतून एक मॅडम मिळाल्या. आर्किटेक्ट, जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, पायात शाळकरी मुलांचे असतात तसले कॅनव्हासचे बूट. फी सांगितली पस्तीस हजार. ‘आणि मी घ्या किंवा घेऊ नका असं सांगणार नाही. काय घेताय ते सांगीन.’ नवऱ्याचा चेहरा पस्तीस हजार ऐकून जसा झाला, तसा मी आमच्या लग्नाच्या हॉलचं बिल आल्यानंतर पहिल्यांदाच बघितला.

२०२५ चा एप्रिल, शनिवार, सकाळी साडेसात. मॅडमबरोबर एक म्हातारे सुतार आणि एक विद्यार्थिनी. मला वाटलं होतं, काहीतरी हायटेक मशिनरी येईल. पिशवीतून निघालं काय? ओळंबा, पाणसळ, सुतळी, छोटी हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, खडू आणि ओलावा मोजायचं मोबाईलएवढं यंत्र. बास.

आधी खडूने खांबांना नंबर पडले, एक ते चौदा. मग सुतारकाका एकेका खांबापाशी उकिडवे बसून तळापासून वर ठोकत निघाले. टक, टक, टक. आवाजात फरक पडला की थांबायचे, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात दाबायचे आणि नुसती मान हलवायचे. विद्यार्थिनी यंत्राच्या दोन सुया टोचून आकडा वाचायची. बारा. तेरा. अकरा. बारा. मॅडमनी सांगितलं, लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीची भीती नाही. इतक्या जुन्या सागवानाचं एप्रिलमध्ये बारा म्हणजे तब्येत ठणठणीत.

खांब नंबर नऊ. टक, टक... भद्.

आवाज मलाही कळला. माठासारखाच! स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात जावा तसा दोन इंच आत गेला. यंत्रावर आकडा एकतीस.

नऊ नंबरचा खांब न्हाणीघराच्या भिंतीला लागून होता. आणि मी तुम्हाला सांगायचं राहिलं, की अख्ख्या घरात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हे न्हाणीघरच होतं! काकांनी १९९८ मध्ये नवीन करून घेतलेलं, छतापर्यंत टाइल्स, गीझर, एकदम टकाटक. बाकी सगळं करायचं असलं तरी निदान बाथरूमचा खर्च वाचला, असं मी धरून चालले होते. मॅडमनी टाइल्सवर हात फिरवला, भिंतीच्या दुसऱ्या अंगाला गेल्या, तिथल्या सिमेंटच्या गिलाव्यावर हातोडी वाजवली. गिलावा पोकळ बोलला. त्यांनी काकांकडे बघितलं, काकांनी मान डोलावली, आणि सुतारकाकांनी तळहाताएवढा तुकडा पाडला. आतली माती ओली होती. एप्रिलमध्ये. बोटाला लागत होती.

‘ही भिंत मातीत बांधलेल्या विटांची,’ मॅडम म्हणाल्या. ‘जमिनीतलं पाणी ती थोडंफार ओढणारच. पूर्वी वरून चुन्याचा गिलावा होता, त्यातून ते वाळून जायचं. मग कुणीतरी सिमेंट चढवलं. म्हणजे तुम्ही भिंतीला रेनकोट घातलात. आता घाम जाणार कुठे? तो वर चढतो, आणि लाकूड सापडलं की त्यात शिरतो.’

काका जरा ओशाळले. ‘त्या वेळी सगळेच सिमेंट करत होते हो.’

‘सगळेच करत होते,’ मॅडमनी लगेच मान्य केलं.

पुढचे चार तास मी नुसती मागे मागे हिंडत होते. माडीच्या कडीपाटावर टॉर्च. कड्यांची भिंतीत शिरणारी टोकं बघायची, मधला भाग नाही, कारण सडतं ते टोक. वाळवीच्या मातीच्या रेघा कुठे चढल्यात ते बघायचं (कोठीत सापडल्या, पण जुन्या, सुकलेल्या). भिंतींना ओळंबा. सुतळी ताणून तुळया कुठे झोल खातायत ते बघायचं. कौलांखाली वासे आणि रिपा. वायरिंग बघून मॅडम फक्त ‘अरे देवा’ म्हणाल्या, तो मुद्दा तिथेच संपला. आणि काकांना प्रश्न, सतत प्रश्न. १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं? (गल्लीच्या तोंडापर्यंत, आत नाही, असं त्यांचे वडील सांगायचे.) ही भिंत सामाईक का? शेजारचा वाडा कधी पडला?

शेजारचा वाडा पडला नव्हता, पाडला होता, २०१७ मध्ये. बिल्डरचं पुढे काही जमलं नाही आणि तिथे पत्रे ठोकून मोकळी जागा पडलीय, त्यात एरंड माजलाय. शंभर वर्षं दोन घरांच्या मध्ये गुपचूप कोरडी बसलेली भिंत आता उघडी पडून पाऊस खात होती. आधाराला पलीकडचं घर नाही. जिन्याजवळ तिला तिरकी भेग. काकांचं निदान तयार होतं, ‘मेट्रो!’ (पेठेत हल्ली दूध नासलं तरी मेट्रो.) मॅडम म्हणाल्या, ‘घरातले गणपतीचे फोटो आहेत?’ मला कळेना, मध्येच गणपती काय. काकूंनी अल्बम काढले. आरास दर वर्षी त्याच जिन्याखाली! २०१६ च्या फोटोत भिंत साफ. २०१८ च्या फोटोत मखराच्या मागे बारीक रेघ. भुयाराचं काम पेठेत यायच्याही आधीची. म्हणजे भेग शेजारचं घर गेल्याची.

‘आता ती थांबलीय की चालू आहे, हे आज नाही सांगता येणार,’ मॅडम म्हणाल्या आणि पिशवीतून काचेच्या तीन पातळ पट्ट्या काढल्या. भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली, शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकणार. ‘एक पावसाळा जाऊ द्या.’

एक पावसाळा! एजंटने डोक्याला हात लावला. ‘मॅडम, विसार तरी देऊन ठेवा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.’ हे दुसरं गिऱ्हाईक सगळ्या एजंटांकडे कायम उभंच असतं, बिचाऱ्याला कुणी खुर्चीही देत नाही. आम्ही वकिलांकडून विसारपावती करून घेतली. रक्कम छोटी, आणि अटी दोन. पावसाळ्यानंतर काचा बघून पुढचं ठरेल, आणि तोवर मिळकतीवरच्या सगळ्या नावांचा निकाल लागेल.

दहा दिवसांनी अहवाल आला. बेचाळीस पानं, फोटोंसकट. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून वाचला. तेरा खांब चांगले. तुळया सगळ्या चांगल्या. कड्या एकूण चौसष्ट, त्यातल्या पाच बदलायच्या. जोतं उत्तम. आणि ‘तातडीचं’ या मथळ्याखाली जे जे होतं, ते सगळं गेल्या चाळीस वर्षांतलं. सिमेंटचा गिलावा, न्हाणीघर, माडीवर घातलेली जड फरशी, उघडी पडलेली भिंत, वायरिंग. ज्याला आम्ही म्हातारं समजून घाबरत होतो ते धडधाकट, आणि ज्याला नवं म्हणून खूश होतो तेच त्याला खात होतं. नवऱ्याला मी तेवढंच पान फोटो काढून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘पस्तीस हजार वसूल.’

एक ओळ मात्र राहिली होती. न्हाणीघराखालचा ओलावा निव्वळ गळक्या नळाचा वाटत नाही, स्रोत कळला नाही, घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारावं.

ती व्यक्ती वाईला होती.

हे आम्हाला कळलं ते कागदांमुळे. मिळकत पत्रिका, म्हणजे सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, वकिलांनी काढलं तर त्यावर काकांच्या बरोबरीने आणखी एक नाव. काकांच्या आत्या. आजोबा गेल्यावर वारस म्हणून लागलेलं. ‘ते नुसतं नाव आहे हो,’ काका म्हणाले. ‘आत्यानं केव्हाच सोडलंय सगळं. फोन केला तरी सही करेल.’

‘सोडलंय’ हा शब्द मी नंतर इतक्यांदा ऐकला! लग्न झालं, नांदायला गेली, म्हणजे सोडलं. वकील म्हणाले, कायद्यात असं सुटत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी वडिलांच्या मिळकतीत वारस आहेच, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलासारखाच जन्मापासून हक्क दिला. तोंडी सोडलेलं चालणार नाही. एक तर आत्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, म्हणजे सगळे पैसे काकांना. नाही तर त्यांनी आमच्या खरेदीखतावर विकणाऱ्या म्हणून सही करायची, आणि हिश्शाचे पैसे त्यांना.

मे महिन्यात आत्या आल्या. वय ऐंशी, नऊवारी, कानाने जरा कमी पण नजर अशी की आपण उगाच केस नीट करावेत. चहा नंतर, म्हणाल्या, आधी घर बघते. ओसरीवरून आत, चौकात, जिन्याच्या कठड्यावर हात फिरवत. न्हाणीघराच्या दारात थांबल्या.

‘आड कुठाय?’

आम्ही सगळे गप्प. काकांच्या आठवणीत तिथे पहिल्यापासून न्हाणीघरच.

‘इथं आड होता. मी पाणी ओढलंय त्याच्यावर, लग्न होईपर्यंत. नळ आला तेव्हा वडिलांनी शहाबादी फरश्या टाकून झाकला. बुजवला नव्हता. बुजवायचा नसतो म्हणायचे.’

बेचाळीस पानी अहवालातली राहिलेली ओळ आत्यांनी उभ्या उभ्या भरली. मी मॅडमना तिथूनच फोन लावला. पलीकडून पाच सेकंद शांतता, मग, ‘त्यांना म्हणावं माझ्याबरोबर नोकरी करा.’

चहा झाल्यावर काकांनी हक्कसोडपत्राचा विषय काढला. अगदी सहज, फरसाणाची बशी पुढे करता करता. आत्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘मी सोडलं असं कधी म्हटलं रे?’

‘अगं, तसं नाही...’

‘मला कुणी विचारलंच नाही. भाऊ गेला तेव्हा तूही नाही विचारलंस.’ आवाज चढला नव्हता. त्यांनी पदराने चष्मा पुसला. ‘मला पैशाचा सोस नाही. पण विकताय तर मीही विकते.’

पुढचा महिना वाईट गेला. काका आमचे फोन उचलेनात. एजंट म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही फॅमिली मॅटरमध्ये पडू नका. काका समजावतील म्हातारीला, तुम्हाला टायटल क्लिअर मिळाल्याशी मतलब.’ नवराही एका रात्री म्हणाला, ‘आपण घर घेतोय ना? कोर्ट का चालवतोय?’ प्रश्न बरोबर होता. काका वाईट माणूस नाहीत. त्यांनी त्या घराचा टॅक्स भरला, कौलं बदलली, आई-वडिलांचं सगळं केलं. आत्यांनी यातलं काही केलं नव्हतं. पण ऐंशी वर्षांच्या बाईला ‘समजावून’ घेतलेल्या सहीवर मला माझं न्हाणीघर बांधायचं नव्हतं. आणि अगदी प्रामाणिकपणे सांगायचं, तर वकिलांनीही तेच सांगितलं होतं. एकही पैसा न घेता दिलेलं हक्कसोडपत्र उद्या आत्यांच्या मुलांनी कोर्टात नेलं, दबाव होता म्हणाले, तर आम्हीच लटकणार. त्यामुळे माझा चांगुलपणा आणि माझा स्वार्थ यात नेमकं कोण बोलत होतं, हे मी ठरवायच्या भानगडीत पडले नाही. काकांना निरोप दिला. आत्या खरेदीखतावर असतील तरच, आणि चेक दोन निघतील. नाही तर विसार परत.

जून गेला. जुलैत धो धो पाऊस. मी दर शनिवारी जाऊन काचा बघून यायचे. काकू दार उघडायच्या, काका आतल्या खोलीत टीव्ही मोठा करायचे. पहिली काच शाबूत. दुसरी शाबूत. तिसरी, सगळ्यात वरची, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तडकली. केसाएवढी रेघ. पोटात खड्डाच पडला! मॅडम येऊन बघून गेल्या. भिंत वरच्या बाजूला थोडी बाहेर जातेय, खाली नाही. म्हणजे पायाचं दुखणं नाही, आधाराचं आहे. माडीच्या पातळीवर भिंतीला आतल्या तुळयांशी लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्यायचं आणि बाहेरून पाऊस थांबवायचा. त्यांनी खर्चाचा आकडा काढून दिला.

तो आकडा घेऊन आम्ही काकांसमोर बसलो. अहवालातल्या तातडीच्या कामांची बेरीज किमतीतून वजा करा, असं म्हटलं. ते अहवाल चाळत राहिले, बराच वेळ, फोटो बघत. मग म्हणाले, ‘तेरा खांब चांगले आहेत लिहिलंय.’

‘हो.’

‘आणि तुम्ही पाडणार नाही.’

‘नाही.’

अर्ध्यावर तुटलं. दोन चेकचं त्यांनी स्वतःहून काढलं. आत्याशी बोलणं झालंय म्हणाले, काय झालं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात खरेदीखत झालं. बँकेने इमारतीचं आयुष्य किती उरलंय याचा दाखला मागितला, तो मॅडमच्या ओळखीतल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासून दिला. तरी कर्ज मागितलं त्यापेक्षा कमीच मिळालं, बाकीसाठी माझ्या बाबांची एफडी मोडली आणि गाडी खरंच विकली. रजिस्ट्रार ऑफिसात आत्यांचा अंगठा यंत्रावर उमटेना. ऐंशी वर्षांत बोटं झिजलेली. चौथ्या वेळी उमटला.

आता काम चालू आहे. न्हाणीघर मागच्या परसूत गेलं. टाइल्स फोडल्या, शहाबादी फरश्या उचलल्या आणि आड निघाला, दगडी, बांधीव, साडेतीन फूट रुंद. त्यात पाणी होतं. त्यावर जाळी बसवलीय, हवा लागल्यापासून शेजारच्या भिंतीतला आकडा महिन्याला दोन-तीनने उतरतोय. सिमेंट सगळं खरवडून चुना लावायचं चाललंय, त्याला वेळ लागतो आणि घरभर पांढरी धूळ असते. नऊ नंबरच्या खांबाला चारी बाजूंनी टेकू देऊन सुतारकाकांनी कुजलेलं दीड फूट कापलं आणि जुन्याच सागवानाचा तुकडा असा सांधला, की नख घालायला जागा नाही. फक्त रंग वेगळा. वरचा खांब काळपट, खालचा पाय मधासारखा.

नवऱ्याला ते खटकतं. पॉलिश मारून एकसारखं करून टाकू म्हणतो. मॅडम म्हणाल्या, राहू दे, पुढे कुणी तपासायला आलं तर त्याला कळेल की इथे जोड आहे. त्याने तरी पॉलिशवाल्याकडून कोटेशन मागवलंय. बघू.